झडती

मुंगूस नाही हो, फेरेट.
हे मी जेल रोडच्या भाजीवालीला, गॅसवाल्याला,
सोसायटीच्या निकमांना इतक्यांदा सांगितलंय
की आता कुणी मुंगूस म्हणालं तरी मान डोलावते.
गांगुर्ड्यांची ऋजुता दहावीच्या प्रत्येक पेपरला
आधी आमच्या दारात यायची, तिचं तोंड बघायला.
शुभ असतं म्हणे.
भूमितीत काठावर सुटली.
चिंधीला त्याचं काही नाही.

वरच्या खोलीतला ओजस, पुण्यात नोकरी लागली तेव्हा म्हणाला,
काकू, आठ दिवस सांभाळा.
त्या आठ दिवसांना येत्या पाडव्याला तीन वर्षं होतील.

पिंजरा, एक कापडी झोळी,
आणि पिंजऱ्याला चिकटवलेला कागद:
चार-चार तासांनी मांस.
दूध नको, भात नको, फळ नको,
द्राक्षं तर मुळीच नकोत.
नाशकात राहून द्राक्षं नकोत!
भाऊ ओझरहून पेटी पाठवतो, ती पेटीवर चढते,
मी मानगुटीला धरून उचलते
तर लोंबकळल्या लोंबकळल्या जांभई देते,
सगळे दात दाखवून.

माझ्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं.
आता देवळाली गावात युनूसभाई
माना आणि काळजं वेगळी काढून ठेवतात,
काळ्या पिशवीत, वरून वर्तमानपत्र.
"मावशी, तुमच्या पोरीचं."
कात्री वेगळी, वाटी वेगळी, फ्रिजचा खालचा कप्पा वेगळा.
पहिल्या दिवशी हात तीनदा धुतले होते.

वास येतो, नाही कशाला म्हणू.
ओल्या गोणपाटात मध सांडल्यासारखा.
मी आठवड्याला आंघोळ घालायची,
तो आणखी वाढायचा.
आहेर डॉक्टर म्हणाले, तिला नका धुऊ, तिची झोळी धुवा.

त्यांची-माझी ओळखही अशीच झाली.
अठरा-अठरा तास झोपते हे कागदावर नव्हतं.
हलवलं, हाक मारली, उचललं, मान लुळी.
रिक्षात रडत गेले मी बिटको चौकापर्यंत.
डॉक्टरांनी नाकाशी माशाच्या तेलाचा थेंब धरला.
एक डोळा उघडला.
मग दुसरा.
दोनशे रुपये.

एप्रिलात मात्र खेळ नाही.
बेचाळीस अंशांत तिला घाम फुटत नाही, जीव फुटतो.
परवा रात्री वीज गेली,
बर्फाची बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या कुशीला लावली,
ओल्या फडक्याने पंजे पुसत राहिले
एकेक, पाच-पाच बोटं मोजत.
मोजायची सवय जुनी.

बत्तीस वर्षं नोटांचे कोरे ताव तपासले मी.
शाईचा डाग, सरकलेला आकडा, दुमडलेला कोपरा.
रोज संध्याकाळी गेटवर हात वर करून उभी,
डबा उघडा, पदर झटका,
कधी टाचणीसुद्धा निघाली नाही माझ्याकडे.
याचा मला गर्व होता. अजून आहे.

आणि घरात ही.
मागच्या रविवारी कोच भिंतीपासून सरकवला:
माझ्या तीन चपला, सगळ्या डाव्या पायाच्या,
निकमांच्या स्कूटरची किल्ली,
गॅसवाल्याचं पेन, खोडरबर, रिमोटचं झाकण,
डॉक्टरांकडून आणलेला थर्मामीटर,
आणि प्रेसचा माझा बिल्ला,
जो मी कपाटात, साड्यांखाली, कुलपात ठेवला होता.

कुलपात.

ती मागे उभी, पाठीची कमान करून,
मग वाकडी-तिकडी उडू लागली, भिंतीवर आपटत,
कुक्-कुक्-कुक् करत,
जणू मीच काहीतरी चोरायला आलेय.

किल्ली तेवढी उचलली, निकमांची होती.
बाकीचं होतं तसं ठेवलं,
बिल्लासुद्धा.
कोच ढकलला जागेवर, गुडघे झटकले,
आणि कुणी विचारलंच असतं तर सांगितलं असतं:
झडती घेतली, साहेब.
काही निघालं नाही.